डलॉनेगाची जुनी कचेरी

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या उत्तरेस, अटलांटापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, डोंगरांच्या पायथ्याशी डलॉनेगा नावाचे एक लहान गाव आहे. २०२० च्या जनगणनेनुसार वस्ती साडेसात हजारांच्या आसपास. गावाच्या मधोमध चौक आणि चौकात एक विटांची दुमजली इमारत. लम्पकिन काउंटीची (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका) न्यायकचेरी म्हणून ती १८३६ साली बांधली गेली आणि १९६५ पर्यंत तेथे खटले चालले. पुढे राज्य सरकारने तेथे सोन्याच्या खाणींच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले. अटलांटाकडची मंडळी शनिवार-रविवारी या बाजूला फिरायला येतात, संग्रहालय पाहतात, बाहेर पडून एखाद्या जुन्या खाणीवर थाळीत वाळू घोळवून चार कण सोने मिळते का ते पाहतात, आणि संध्याकाळी परततात.

संग्रहालय छोटेसे आहे. पाच औंसांहून अधिक वजनाचा, म्हणजे आपल्या हिशेबाने बारा-तेरा तोळ्यांचा, सोन्याचा एक नैसर्गिक गोळा, गावातल्या टांकसाळीत पाडलेल्या नाण्यांचा पूर्ण संच, पाण्याच्या झोताने डोंगर फोडणारी लोखंडी तोफ, न्यायाधीशाची खोली, जुनी लाकडी बाके. आणि भिंती. या भिंतींच्या विटा इथल्याच मातीच्या, आणि इथल्या मातीत सोने. तेव्हा विटांतही सोन्याचा अंश आहे. ही गोष्ट पाहुण्यांना फार आवडते. पुष्कळजण भिंतीजवळ जाऊन विटा निरखतात. अंश इतका सूक्ष्म की डोळ्यांना काही दिसण्याची शक्यता नाही, तरी निरखतात.

सोन्याचे संग्रहालय कचेरीत का, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की गावात ती एक जुनी, देखणी इमारत रिकामी झाली होती. पण योगायोगाने का होईना, जागा अचूक साधली आहे. कारण डलॉनेगाच्या सोन्याचा इतिहास कुदळ-फावड्यांचा जितका आहे तितकाच, किंबहुना त्याहून थोडा अधिक, कायद्याच्या कलमांचा आहे. जमिनीतले सोने कोणी काढले याआधी ती जमीन कोणाची ठरली आणि कशी ठरली, हे विचारावे लागते. आणि ते ठरले ते खाणीत ठरले नाही.

गावात सांगितली जाणारी कथा वेगळ्या ठिकाणी सुरू होते. बेंजामिन पार्क्स नावाचा तरुण १८२८ साली हरणाच्या शिकारीला गेला असता त्याच्या पायाला एक दगड लागला, पाहतो तो अंड्याच्या बलकासारखा पिवळा. ही हकीकत पार्क्सने स्वतः सांगितली, पण ती १८९४ मध्ये, अटलांटाच्या एका वृत्तपत्राला, अतिशय वृद्ध झाल्यावर. म्हणजे सहासष्ट वर्षांनी. छापील पुरावा पाहायचा तर जॉर्जियातल्या सोन्याचा उल्लेख १ ऑगस्ट १८२९ च्या 'जॉर्जिया जर्नल' या पत्रात सापडतो. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनात तर ही गोष्ट तीस वर्षे जुनी होती. तिथे १७९९ साली कॉनरॅड रीड नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला ओढ्यात सतरा पौंडांचा एक पिवळा धोंडा मिळाला, आणि घरच्यांनी तो तीन वर्षे दाराला अडसर म्हणून लावून ठेवला. शेवटी एका सराफाने तो साडेतीन डॉलरला नेला.

सोन्याच्या शोधाच्या कथा जगभर अशाच असतात. ठेच लागते, ओढ्यात काही चकाकते, आणि सापडणारा माणूस नेहमी निष्पाप असतो. या कथांचे काम काय, याचा विचार केला म्हणजे लक्षात येते की त्या सोने सापडलेली जागा आपोआप रिकामी करून टाकतात. रानात एक शिकारी, एक हरीण, एक दगड. चौथे कोणी नाही.

प्रत्यक्षात ते रान चेरोकी लोकांच्या देशाच्या सीमेवरचे होते, आणि सोन्याच्या शिरा सीमा ओलांडून आत त्या देशात गेल्या होत्या. 'देश' हा शब्द मी सैल अर्थाने वापरत नाही. सिक्वोया या चेरोकी माणसाने १८२१ पर्यंत आपल्या भाषेसाठी स्वतंत्र लिपी पूर्ण केली होती. तो स्वतः इंग्रजी वाचू शकत नव्हता, आणि एकट्याने लिपी घडवण्याचे असे उदाहरण इतिहासात विरळा. १८२७ मध्ये चेरोकींनी लिखित राज्यघटना केली. न्यू एकोटा ही त्यांची राजधानी. तिथे त्यांचे विधिमंडळ होते, न्यायालय होते, छापखाना होता. २१ फेब्रुवारी १८२८ रोजी त्या छापखान्यातून 'चेरोकी फीनिक्स' हे चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन भाषांतले वृत्तपत्र निघाले. संपादक एलायस बूडिनॉ. (मराठी वाचकाने लगेच मनात हिशेब करावा: 'दर्पण' निघायला अजून चार वर्षे होती.) पार्क्सला ठेच लागली असे ज्या वर्षी म्हणतात त्याच वर्षी, तिथून फार लांब नाही अशा गावात, ज्यांची जमीन होती ते लोक आपल्या भाषेत आपले वृत्तपत्र वाचत होते.

गावाचे नावदेखील त्यांचेच आहे. चेरोकी भाषेतला पिवळ्या रंगाचा शब्द गोऱ्यांच्या जिभेवर फिरून 'डलॉनेगा' झाला. आपल्या 'सुवर्ण' शब्दातही मुळात रंगच आहे, त्यामुळे हे नामकरण आपल्याला परके वाटायचे कारण नाही. वाईट याचे वाटते की नाव ठेवले ते नाववाल्यांना घालवण्याच्या बेतात असताना.

१८२९ च्या अखेरीपर्यंत हजारो माणसे चेरोकी भूमीत घुसली. १८४९ च्या कॅलिफोर्नियातील सोनेरी लाटेची 'फॉर्टी-नायनर्स' मंडळी साऱ्या जगाला ठाऊक आहेत. त्यांच्या वीस वर्षे आधीची ही 'ट्वेंटी-नायनर्स'. १८३० च्या वसंतात एकट्या याहूला ओढ्याच्या काठी चार हजार माणसे खणत असल्याची बातमी तेव्हाच्या पत्रांत आहे. चेरोकींनी या लोंढ्याला 'मोठी घुसखोरी' असे नाव दिले. नाव नेमके होते, परंतु घुसखोरी म्हणजे कायद्याविरुद्धचे कृत्य, आणि जॉर्जिया राज्याला ती अडचण दूर करता येण्यासारखी होती. ज्याच्या हाती कायदा त्याने घुसखोरांना हाकलायचे की कायदा बदलायचा, एवढाच प्रश्न होता.

त्यामुळे घडले ते असे. डिसेंबर १८२८ मध्ये, म्हणजे सोन्याचा गाजावाजा होण्यापूर्वीच, जॉर्जियाच्या विधिमंडळाने चेरोकी भूमीवर आपला कायदा लागू करण्याचा ठराव केला. जमिनीची हाव कापसापायी आधीच होती. सोन्याने तिला घाई लावली. वर्षभराने आणखी कडक कायदा आला: चेरोकींचे सर्व कायदे रद्द. आणि एक कलम असे की राज्यातला गोरा माणूस ज्या दाव्यात पक्षकार असेल त्यात चेरोकी माणसाची साक्ष ग्राह्य धरली जाणार नाही. अपवाद फक्त चेरोकींच्या भूमीत राहणाऱ्या गोऱ्यांचा. या एका कलमाचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. जमीन बळकावण्यासाठी बंदूक लागते, माणसे लागतात, पुन्हा जीवाला धोकाही असतो. पण ज्याची जमीन आहे त्याचे तोंडच कचेरीत मोजले जात नसेल, तर बाहेरून आलेल्या कोणाही उपटसुंभाने त्याच्या शेतात खुंटी ठोकावी. तक्रार कोण करणार? १८३० च्या जूनमध्ये गव्हर्नर जॉर्ज गिल्मर यांनी खाणी राज्याच्या मालकीच्या असल्याचे जाहीर केले, आणि चेरोकींना स्वतःच्या ओढ्यात स्वतःची थाळी घोळवणे गुन्हा होऊन बसले. खाणींवर पहाऱ्यासाठी 'जॉर्जिया गार्ड' नावाचे दल उभे राहिले. याच दलाने पुढे १८३५ मध्ये 'चेरोकी फीनिक्स'चा छापखाना जप्त केला. त्याच वर्षी त्यांनी चेरोकींचे प्रमुख जॉन रॉस यांना पकडले, आणि त्यांच्या घरी पाहुणा म्हणून आलेल्या जॉन हॉवर्ड पेनलाही कोठडीत टाकले. घरासारखे गोड ठिकाण नाही, असे सांगणारे जगप्रसिद्ध गीत ज्याने लिहिले तोच हा पेन.

चेरोकींनी बंदूक उचलली नाही. ते न्यायालयात गेले. जे कायद्याने हिरावले जात होते ते कायद्यानेच राखता येईल, असा त्यांचा विश्वास होता. आज मागे वळून पाहताना तो भोळा वाटतो; पण तेव्हा तसा तो नव्हता, कारण त्यांना जवळजवळ यश आले. १८३० मध्ये कॉर्न टॅसल नावाच्या चेरोकीला जॉर्जियाच्या न्यायालयाने खुनाबद्दल फाशी सुनावली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याला कैफियत देण्यास बोलावले. राज्याने उत्तरादाखल २४ डिसेंबरला टॅसलला फाशी देऊन टाकली. १८३१ च्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने चेरोकी हे परकीय राष्ट्र नाही म्हणून हात वर केले. मग सॅम्युएल वूस्टर या मिशनऱ्याचा खटला उभा राहिला. चेरोकी भूमीत राहणाऱ्या गोऱ्यांनी राज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी असा कायदा होता. वूस्टरने नकार दिला आणि त्याला चार वर्षे सक्तमजुरी झाली. ३ मार्च १८३२ रोजी सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला की चेरोकींच्या भूमीत जॉर्जियाच्या कायद्याला काही अंमल नाही. चेरोकी दावा जिंकले.

निकाल जिंकला, आणि त्याने काही झाले नाही. राज्याने तो मानला नाही. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी तो मानायला लावला नाही. आदिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे नेण्याचा कायदा त्यांनीच १८३० मध्ये करून घेतला होता. वूस्टर १८३३ पर्यंत तुरुंगातच होता.

दरम्यान, त्याच १८३२ च्या ऑक्टोबरात, जॉर्जियाने चेरोकी भूमीची सोडत काढायला सुरुवात केली. या सोडतीपाशी थोडे थांबायला हवे. सगळी जमीन आधीच मोजून तिचे चौकोनी तुकडे पाडले होते: शेतीचे १६० एकरांचे, आणि जिथे सोने असण्याचा संभव तिथले ४० एकरांचे. सोन्याचे तुकडे सुमारे पस्तीस हजार, आणि त्यांसाठी नाव नोंदवणारे सुमारे एक लाख तेहेतीस हजार. एका पिंपात नावांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात भूखंडांच्या, त्यांतच कोऱ्या मिसळलेल्या. तीन वर्षे राज्यात राहिलेल्या प्रौढ गोऱ्या पुरुषाला एक संधी, कुटुंब असेल तर दोन, विधवांना आणि पोरक्या मुलांनाही हिस्सा. चेरोकी भूमीत चोरून सोने खणलेल्यांना मात्र सोडतीतून वगळले होते! एका बाजूने हजारो चेरोकी कुटुंबांच्या घरादाराच्या चिठ्ठ्या पिंपात घालायच्या आणि दुसऱ्या बाजूने चोराला बक्षीस मिळता कामा नये म्हणून दक्षता घ्यायची, अशी ही न्यायबुद्धी. ढोंग म्हणून ती सोडून देणे सोपे आहे. मला ती ढोंगापेक्षा भयंकर वाटते, कारण ती बहुधा प्रामाणिक होती. विधवा आणि अनाथ यांची तरतूद करताना त्या कायदेमंडळाला आपण सत्कृत्य करीत आहोत असेच वाटत असले पाहिजे.

सोन्याचे भूखंड लागलेल्यांपैकी बहुतेकांच्या जमिनीत सोने निघाले नाही, हेही सांगितले पाहिजे. भूखंड न पाहताच पुष्कळांनी चिठ्ठी विकून टाकली. जॉन रॉस १८३५ मध्ये वॉशिंग्टनहून घरी परतले तेव्हा त्यांच्या घरात सोडतीत ते घर लागलेला मनुष्य राहत होता. तो कायद्याने मालक होता.

ज्या गव्हर्नरच्या काळात ही सोडत झाली त्यांचे नाव विल्सन लम्पकिन. डिसेंबर १८३२ मध्ये नवीन काउंटी निर्माण झाली तेव्हा तिला त्यांचेच नाव मिळाले. काउंटीचे ठाणे होण्याचा मान आधी जवळच्या ऑरेरिया या खाणकामगारांच्या गावाला मिळायचा होता. नावात लॅटिन भाषेतले सोने असलेले हे गाव एकदम फुगले होते. पण ज्या भूखंडावर ते वसले त्याच्या मालकीचा वाद निघाला, आणि कचेरी दोन कोसांवर डलॉनेगात गेली. ऑरेरिया हळूहळू ओस पडले. म्हणजे गाव वसणे आणि उजाड होणे हेही सातबाऱ्यावरच ठरले.

आता खाणीकडे. सुरुवातीचे काम ओढ्यांच्या गाळातले होते. आपल्याकडे सराफकट्ट्यावर झारेकरी असत. सोनाराच्या दुकानातला केर आणि भट्टीची राख विकत घ्यायची, पाण्यात धुवायची, घोळवून घोळवून तळाशी राहिलेले सोन्याचे कण वेचायचे, हा त्यांचा धंदा. ते ज्याने पाहिले असेल त्याला डलॉनेगाचे तंत्र वेगळे समजावून सांगायला नको. सोने जड, वाळू हलकी. पाणी वाळू नेते. थाळीच्या जागी पाळण्यासारखी हलणारी लाकडी पेटी आली, पेटीच्या जागी लांब पन्हळ आले, तत्त्व तेच राहिले. फरक एवढाच की झारेकऱ्याने केराचे पैसे मोजलेले असत.

थाळी कोणाच्या हातात होती हा आणखी एक प्रश्न. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष राहिलेले आणि गुलामगिरीचे कट्टर समर्थक असलेले जॉन कॅल्हून यांची डलॉनेगाजवळ खाण होती. तिची देखरेख काही काळ त्यांचे जावई थॉमस क्लेमसन यांनी केली. तिथे गुलाम राबत. शेतीच्या दोन हंगामांच्या मधल्या दिवसांत मळेवाले आपले गुलाम खाणमालकांना भाड्याने देत. पण या गावाच्या इतिहासात याच्या पलीकडचा एक माणूस आहे, आणि त्याच्याविषयी अधिक लिहिले जायला हवे. जेम्स बॉइसक्लेअर हा मुक्त कृष्णवर्णीय १८३० च्या दशकात ऑगस्टा शहरातून इथे आला. गाव त्याला 'फ्री जिम' म्हणे. त्याला सोन्याची चांगली शीर सापडली. पण जॉर्जियात मुक्त कृष्णवर्णीयालाही कायद्याने गोरा पालक असावा लागे. त्यामुळे त्या जमिनीचा व्यवहार जोसेफ सिंगलटन या गृहस्थांच्या मार्फत झाला. सिंगलटन पुढे सरकारी टांकसाळीचे पहिले अधीक्षक झाले. फ्री जिमने खाण चालवली, दुकान काढले, बर्फाचे कोठार बांधले. रविवारी दारू विकल्याबद्दल चर्चने त्याला काढून टाकले. १८५० मध्ये तो कॅलिफोर्नियाला गेला आणि तिथेच त्याचा अंत झाला. प्रौढ, श्रीमंत, धडाडीचा माणूस. कागदावर मात्र आयुष्यभर कोणाचा तरी पाल्य.

टांकसाळीची गोष्ट या गावाच्या अभिमानाची आहे. इतके सोने निघू लागले की ते फिलाडेल्फियाला पाठवणे गैरसोयीचे झाले, म्हणून १८३५ च्या मार्चमध्ये काँग्रेसने तीन शाखा-टांकसाळी मंजूर केल्या: न्यू ऑर्लीन्स, शार्लट आणि डलॉनेगा. १८६१ मध्ये यादवी युद्धाच्या तोंडावर ती बंद पडेपर्यंत तिथे सुमारे ६१ लाख डॉलर किमतीची सोन्याची नाणी पडली. प्रत्येकावर लहानसे 'डी' अक्षर. आज संग्राहक त्या अक्षराला भारी किंमत देतात.

आता तारखा जवळजवळ ठेवून वाचाव्यात. २९ डिसेंबर १८३५: चेरोकींमधल्या मूठभर लोकांनी, ज्यांना तसा अधिकार नव्हता, न्यू एकोटा इथे पन्नास लाख डॉलरला सगळा देश सोडून देण्याच्या तहावर सह्या केल्या. संपादक बूडिनॉ त्यांच्यात होते. लढून काही उरणार नाही अशी त्यांची खात्री झाली होती. रॉस यांनी पंधरा हजारांवर सह्यांचा विरोध-अर्ज पाठवला. मे १८३६: सिनेटने एका मताच्या आधिक्याने तह मंजूर केला. त्याच वर्षी डलॉनेगाच्या चौकात कचेरीची इमारत उभी राहिली. एप्रिल १८३८: टांकसाळीत पहिली नाणी पडली, स्वातंत्र्यदेवीच्या मुखाची. २६ मे १८३८: जनरल विनफील्ड स्कॉट यांच्या सैनिकांनी जॉर्जियातल्या चेरोकींना घराघरांतून बाहेर काढायला सुरुवात केली. डलॉनेगाच्या परिसरातही त्यांना गोळा करण्यासाठी फोर्ट फ्लॉइड नावाची गढी होती. तिथून टेनेसीच्या छावण्या आणि पुढे, त्या हिवाळ्यात, आजच्या ओक्लाहोमापर्यंतची पायपीट. सुमारे सोळा हजारांपैकी चार हजार माणसे छावण्यांत आणि वाटेवर मेली असा अंदाज सामान्यतः दिला जातो. बूडिनॉ तिथे पोहोचले. २२ जून १८३९ रोजी त्यांच्याच लोकांनी, देश विकला म्हणून, त्यांना ठार मारले.

एप्रिल आणि मे यांच्यात साधारण चाळीस दिवसांचे अंतर आहे. तो नाण्यांचा संच काचेच्या पेटीत मखमलीवर मांडलेला शोभतो. एखाद्या विरोध-अर्जाची जीर्ण प्रत शेजारी मांडली तरी तिच्यावर दिव्याचा उजेड तसा खेळत नाही. वस्तुसंग्रहालयांचा हा दोष म्हणता येणार नाही, पण त्यांची ती मर्यादा खरी. जे उरले, जे चकाकते, जे चोरीला जाण्याच्या भीतीने जपले गेले, तेवढ्याचाच संग्रह होतो. गढी लाकडाची होती.

यानंतरचा इतिहास बराचसा पाठवणीचा आहे. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियाची हाक आली आणि खाणवाले बांधाबांध करू लागले. तेव्हा टांकसाळीत सोन्याचा कस पाहणारे मॅथ्यू स्टीव्हन्सन यांनी कचेरीपाशी लोकांना गोळा करून समोरच्या फिंडली डोंगराकडे बोट दाखवले आणि अजून लाखो डॉलर इथेच पडले आहेत, जाऊ नका, असे विनवले, अशी गावकथा आहे. लोक ऐकून गेले. बोलणे मात्र त्यांनी सोबत नेले. कॅलिफोर्नियाच्या खाणींत ते चेष्टेचे पालुपद झाले म्हणतात. ऑरेरियाकडचा ग्रीन रसेल आपल्या भावांसह असाच गेला. १८५८ मध्ये त्याने कोलोराडोच्या डोंगरांकडे मोहीम काढली. तिच्यात ओक्लाहोमातून आलेले चेरोकीही सामील झाले होते. सोन्यापायी ज्यांना हाकलले ते आणि ज्यांनी तिथे खणले ते, वीस वर्षांनी एका तांड्यात, पुन्हा सोन्याच्याच मागे! यावर काय बोलावे? रसेल मंडळींनी तिथे वसवलेल्या वस्तीला गावाकडचे ऑरेरिया हेच नाव दिले, आणि १८६० मध्ये ती शेजारच्या डेन्व्हरमध्ये विलीन झाली. डेन्व्हरला १९०६ पासून टांकसाळीत नाणी पडू लागली, आणि त्यांच्यावरही खूण 'डी'च.

डलॉनेगात उरले ते पाण्याच्या तोफा. इथला खडक वरच्या थरात कुजून भुसभुशीत झालेला आहे. कोकण-घाटावर मुरमाचे थर पाहिलेल्याला तो ओळखू येईल. दूरवरून पाट खणून पाणी डोंगरमाथ्यावर आणायचे, नळांतून खाली सोडून त्याला जोर द्यायचा, आणि तोफेच्या तोंडातून डोंगरावर मारायचे. मुरूम चिखल होऊन वाहतो, त्यातले गारगोटीचे तुकडे लोखंडी मुसळांच्या गिरणीत कुटले जातात. दरडी तुटल्या, ओढे लाल झाले, काठच्या शेतांवर गाळ साचला. शतक सरताना एका मोठ्या कंपनीने १२० मुसळांची प्रचंड गिरणी उभारली. १९०६ मध्ये कंपनी बुडाली. गावाजवळच्या डोंगरांच्या कडा आजही तुटक्या दिसतात, झाडोऱ्याखाली.

तरी सोने सरले नाही, अभिमानही नाही. १९५८ मध्ये गावकऱ्यांनी वर्गणीने ४३ औंस सोने जमवले आणि खेचरांनी ओढलेल्या झाकल्या गाड्यांच्या तांड्यातून थाटाने अटलांटाला नेले. राज्याच्या विधिमंडळ-भवनाच्या घुमटाला त्याचा मुलामा दिला गेला. ज्या विधिमंडळाने साक्षीचे कलम केले, सोडत काढली, त्याच्या डोक्यावर तेच सोने. (कलमे केली तेव्हा राजधानी मिलेजव्हिल होती, इमारत वेगळी होती, विधिमंडळ तेच.) हा प्रसंग कोणी उपरोधाने रचला असता तर अतिरेक म्हणून हसले असते. इथे तो भाबडेपणाने, सणासारखा, साजरा झाला.

चार वर्षांनी, १९६२ मध्ये, त्याच विधिमंडळाने चेरोकींविरुद्धचे जुने कायदे औपचारिकपणे रद्द केले आणि न्यू एकोटाची जागा ऐतिहासिक स्थळ म्हणून खुली झाली. १९९२ मध्ये राज्याच्या माफी-मंडळाने वूस्टरला मरणोत्तर माफी दिली; तो १८५९ मध्येच वारला होता, ओक्लाहोमात, चेरोकींबरोबर. सोडत मात्र रद्द झाली नाही. ती रद्द करण्याजोगी राहिलीच नव्हती. लम्पकिन काउंटीत आज घर घेतले तर खरेदीखतात जमिनीचे वर्णन अजूनही त्याच १८३२ च्या मोजणीने लिहिले जाते: अमुक भूखंड क्रमांक, अमुक डिस्ट्रिक्ट, अमुक सेक्शन.